अडेनियमची लागवड व जोपासना

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील रोपवाटिकांत, आठवड्याच्या बाजारांत, इतकेंच नव्हे तर रस्त्याच्या कडेच्या हातगाडीवरहि अडेनियम हें फुलझाड दिसूं लागलें आहे. बुंधा कांद्यासारखा फुगलेला, फांद्या आंखूड व मांसल, पानें थोडीं आणि फांद्यांच्या टोकांवर गुलाबी, तांबड्या किंवा पांढऱ्या पेल्यासारख्या फुलांचे झुबके, असें याचें रूप आहे. कोणी यास 'वाळवंटी गुलाब' म्हणतात. परंतु गुलाबाशीं याचें कांहींएक नातें नाहीं.

चैत्र-वैशाखांत फुललेलें झाड पाहून लोक हौसेनें तें विकत घेतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ झाडें आश्विन उजाडण्यापूर्वीं कुंडींतच कुजून जातात. मग 'हें झाड आपल्या हवेचें नव्हे' असा शेरा मारून माणूस मोकळा होतो. ज्या शेतकरी बंधूंनीं विक्रीसाठीं हीं रोपें केलीं, त्यांचेंहि नुकसान बहुधा याच चार महिन्यांत होतें. वास्तविक हें झाड आपल्या उन्हाळ्यास कंटाळत नाहीं, थोड्या पाण्यावर निभावून नेतें व वर्षानुवर्षें टिकतें. तें तहानेनें क्वचित् मरतें. मुळांशीं सांचून राहिलेल्या पाण्यानें मात्र खात्रीनें मरतें. पाणी केव्हां द्यावें व केव्हां आवरावें हें ज्यास समजलें, त्यास याची बहुतेक सर्व निगा समजली असें आम्ही समजतों. आणि तेंच या लेखांत सकारण सांगण्याचा आमचा विचार आहे.

मूळ देश :— या झाडाचें शास्त्रीय नांव अडेनियम ओबेसम. आफ्रिकेंत सहाराच्या दक्षिणेस सेनेगालपासून सुदानपर्यंत जो रुक्ष पट्टा पसरला आहे त्यांत, पूर्वेस इथिओपिया, सोमालिया व केनिया या देशांत, आणि समुद्रापलीकडे येमेन व ओमान येथील डोंगरउतारांवर तें आपोआप उगवतें. पाश्चात्य शास्त्रज्ञांस त्याची ओळख पेटर फोर्स्कोल यानें करून दिली. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजानें धाडलेल्या मोहिमेबरोबर येमेनमध्यें गेला व १७६३ सालीं तेथेंच वारला. त्याचीं टिपणें त्याचा सोबती कार्स्टेन नीबुर यानें १७७५ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. हाच नीबुर येमेनहून मुंबईस आला होता व घारापुरीच्या लेण्यांचीं मापें व चित्रें त्यानें घेतलीं होतीं. फोर्स्कोलनें या झाडास कण्हेरीच्या प्रजातींत घातलें होतें. १८१९ सालीं त्याची प्रजाति वेगळी करण्यांत येऊन तिला एडनवरून अडेनियम हें नांव मिळालें. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता, तेव्हां हें नांव आपल्याकडे अगदींच परकें नाहीं.

एडन येथें वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस पडतो. यावरून या झाडास पाऊस मुळींच सोसत नाहीं असें कोणास वाटेल. परंतु तें खरें नाहीं. ओमानच्या धोफार प्रांतांत, आपल्याकडे येणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचीच एक कड किनाऱ्यास लागते, आणि जून ते सप्टेंबर डोंगरांवर धुकें व भुरभुर पाऊस असतो. या ऋतूस तेथील लोक 'खरीफ' म्हणतात; आपल्या खरीप हंगामाचें नांव याच अरबी शब्दावरून आलें आहे. तेथील अडेनियम या दिवसांत मरत नाहीं. कारण एक तर किनाऱ्यावरील सलाला शहरीं वर्षभराचा पाऊस मिळून चारपांच इंचच भरतो. आणि दुसरें असें कीं, झाड खडकाच्या फटींत किंवा मुरुमाच्या उतारावर उभें असल्यामुळें पडलेलें पाणी घटकेंत निथळून जातें. उलट मुंबईस वर्षाला सुमारे ८५ ते ९० इंच पाऊस पडतो, सोलापुराकडे तो ३० इंचांच्या आंतबाहेर असतो, आणि आपण हें झाड बहुधा चिकण मातीनें भरलेल्या कुंडींत लावतों. म्हणजे पाऊस अनेक पट, आणि निथळण्यास वाट नाहीं. दोष पावसाचा थोडा व मातीचा फार आहे.

झाडाची रचना :— कण्हेर, चांफा व सदाफुली ज्या कुळांत येतात त्याच कुळांतलें हें झाड आहे. याचा फुगीर बुंधा म्हणजे पाण्याचें कोठार होय. 'ओबेसम' या लॅटिन शब्दाचा अर्थच लठ्ठ असा आहे. पाऊस पडला कीं मुळें भराभर पाणी ओढून बुंध्यांत सांठवितात, व पुढील कोरडे महिने झाड त्या सांठ्यावर काढतें. फार थंडी किंवा फार कोरड पडली म्हणजे तें पानें टाकून देतें व स्वस्थ राहतें.

या पानांवरूनच पाण्याचा हिशेब करावयाचा आहे. मुळांनीं ओढलेलें पाणी पानांवाटे वाफ होऊन हवेंत जातें. झाडास पानें भरपूर असून ऊन कडक असेल तर ही ओढ मोठी असते, व कुंडी लवकर वाळते. पानें गळलीं, किंवा आभाळ आठआठ दिवस भरून राहिलें, म्हणजे ही ओढ थांबते. मग कुंडींतलें पाणी जेथल्या तेथें राहतें, मातीच्या कणांमधील हवा निघून जाते, आणि श्वास कोंडलेल्या मुळांवर कुजविणारी बुरशी चढते. ती मुळांतून बुंध्यांत शिरली कीं, पाण्यानें भरलेला तो मऊ बुंधा आंतून सडण्यास फार दिवस लागत नाहींत. म्हणून वार किंवा तिथि पाहून पाणी घालूं नये; पानें व ऊन पाहून घालावें.

माती व कुंडी :— माती अशी पाहिजे कीं, घातलेलें पाणी अर्ध्याएक मिनिटांत तळाच्या भोकांतून बाहेर यावें. दोन भाग जाडी, धुतलेली वाळू किंवा वाटाण्याएवढा विटांचा चुरा, एक भाग तांबडी पोयट्याची माती, व एक भाग चांगलें कुजलेलें पालापाचोळ्याचें किंवा शेणाचें खत, हें प्रमाण बहुतेक ठिकाणीं मानवतें. कोंकणांत व घाटमाथ्यावर मातीचा भाग निम्म्यानें कमी करून चुरा वाढवावा. थोडा कोळशाचा चुरा घातल्यास चांगला. काळी जमीन या कामास निरुपयोगी आहे. नारळाचा भुसा वजनास हलका असल्यामुळें रोपवाटिकांत सर्रास वापरतात. परंतु तो पावसाळ्यांत पाणी फार दिवस धरून ठेवतो, म्हणून निवळ भुशांत भरलेलें झाड विकत आणल्यास पावसापूर्वींच तें वरील मिश्रणांत हलवावें. ओली वाळू समुद्राची असल्यास तींत मीठ असतें. ती वापरूं नये.

कुंडी भाजलेल्या मातीची, खोलीपेक्षां रुंदी अधिक असलेली घ्यावी. तिची भिंत पाणी शोषून बाहेर टाकते. झाडाच्या मानानें कुंडी मोठी घेऊं नये. मुळें पोंचलेलीं नाहींत अशी माती ओली राहते व तेथूनच कुजण्यास आरंभ होतो. तळास एकाच्या ऐवजीं तीनचार भोकें असावींत, त्यांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्या, व कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. कुंडीखालीं बशी ठेवण्याची शहरांतील चाल या झाडास घातक आहे.

दर दीडदोन वर्षांनीं, उन्हाळ्याच्या आरंभीं, झाड काढून माती बदलावी. त्या वेळीं तें पूर्वीपेक्षां इंच-दीड इंच वर धरून लावावें, म्हणजे जमिनींत दडलेला फुगीर भाग उघडा पडून झाडास शोभा येते. काढतांना मोडलेलीं मुळें धारदार सुरीनें साफ कापावींत, चारपांच दिवस झाड सावलींत कोरडें ठेवावें, जखमा सुकल्या म्हणजे लावावें व त्यानंतर आठवडाभर पाणी देऊं नये. उघडा झालेला भाग कोंवळा असतो. त्यास एकदम भर उन्हांत ठेवल्यास साल भाजते.

पाणी, ऋतुमानाप्रमाणें :— (१) उन्हाळा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत झाड पानाफुलांनीं भरलेलें असतें. 'हें निवडुंगासारखें आहे, यास पाणी नको' अशा समजुतीनें या दिवसांत झाडास उपाशी ठेवणारे लोक आहेत. त्यांचीं झाडें जगतात, पण फुलत नाहींत. या काळांत कुंडीच्या वरच्या दोन इंचांतील माती वाळली कीं भोकांतून वाहेपर्यंत पाणी द्यावें. लहान कुंडीस तें रोज किंवा दिवसाआड लागेल, मोठीस तीनचार दिवसांनीं. थोडें थोडें शिंपडण्यापेक्षां एकदां पुरतें देऊन मग वाळूं देणें बरें.

(२) पावसाळा. कोंकण, मावळ व घाटमाथा येथें कुंड्या मृगापूर्वींच आडोशाखालीं नेल्या पाहिजेत. आडोसा म्हणजे वरून पाणी अडेल पण उजेड येईल असा: पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिकचा कागद, चारी बाजू वाऱ्यास मोकळ्या. बंद खोलींत किंवा ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत झाडें नेणें हा उपाय नव्हे. तेथें फांद्या लांब व फिकट होऊन झाड कमजोर होतें. पागोळ्या पडतात तेथें कुंड्या ठेवूं नयेत. आडोशाखालच्या झाडांस पाणी द्यावयाचें तें माती पुरती वाळल्यावर, आणि पुढें एकदोन दिवस उघाडीचा रंग दिसत असेल तरच. देशावर, जेथें पाऊस पडून मध्यें ऊन पडतें, तेथें वर सांगितलेल्या मिश्रणांत लावलेलीं मोठीं झाडें उघड्यावरहि चांगलीं राहतात. तेथें झड लागल्यास कुंडी एका बाजूस विटेवर तिरपी करून ठेवावी. पावसाचें पाणी वरच्यावर वाहून जातें व आंतलें निथळतें. या युक्तीस खर्च कांहीं नाहीं, आणि तिनें पुष्कळ झाडें वांचतात. एक वर्षाच्या आंतील रोपें मात्र कोठेंहि उघडीं ठेवूं नयेत.

(३) हिवाळा. पाऊस संपल्यावर कार्तिकापर्यंत झाडास पुन्हा तेज येतें व फुलांचा दुसरा, लहान बहार होतो. पुढें थंडी पडते. कोंकणपट्टींत पानें बहुधा टिकतात; परंतु निफाडसारख्या कडाक्याच्या ठिकाणीं किंवा विदर्भांत रात्रीचा पारा १० अंशांच्या खालीं उतरतो, तेव्हां पानें पिवळीं पडून गळतात. झाड मेलें अशा समजुतीनें लोक त्यास अधिक पाणी घालतात, आणि तेव्हां तें खरोखर मरतें. पानें गळलेल्या झाडास दोनतीन आठवड्यांनीं, दुपारच्या वेळीं, थोडें पाणी पुरतें. कुंडी दक्षिणेकडील भिंतीच्या आधारास उन्हांत ठेवावी. माघ सरतां सरतां टोकांस हिरवे डोळे फुटूं लागले म्हणजे पाणी हळूहळू वाढवावें.

तहान कीं कूज? :— बुंधा दाबून मऊ लागला म्हणजे मालक घाबरतो. येथें दोन गोष्टी ओळखतां आल्या पाहिजेत. तहान असेल तर बुंधा सर्व बाजूंनीं सारखाच किंचित् लवचिक लागतो, सालीस सुरकुत्या पडतात, व माती कोरडी ठणठणीत असते. पाणी दिल्यावर थोड्याच दिवसांत तो पूर्ववत् टणक होतो. कूज असेल तर एखादीच जागा पिकून गेलेल्या फळाप्रमाणें दबते, तिचा रंग काळपट होतो, घाण वास येतो, व माती ओली असते. तहानेचें पाणी कुजेस देणें म्हणजे झाडाचा शेवट करणें होय.

कूज आढळल्यास तत्काळ झाड उपटावें, माती धुवून काढावी, व पांढरा स्वच्छ भाग लागेपर्यंत सडका भाग कापून टाकावा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनें पुसावी, नाहींतर रोग सुरीबरोबर पुढें जातो. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कूज परत येते. म्हणून कापतांना हात आंखडूं नये. जखमेवर बोर्डो मलम किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकाची भुकटी लावावी व झाड सावलींत, वारा लागेल असें आठदहा दिवस टांगून किंवा आडवें ठेवावें. खपली धरली म्हणजे कोरड्या मिश्रणांत लावावें. बुंध्यांत पाण्याचा सांठा असल्यामुळें इतके दिवस जमिनीबाहेर राहून तें मरत नाहीं.

ऊन, खत व छाटणी :— दिवसाचें पांचसहा तास तरी उघडें ऊन मिळाल्याशिवाय या झाडास फुलें येत नाहींत. घरांत ठेवून शोभा पाहण्याचें हें झाड नव्हे. खत बेतानें द्यावें. नत्राचें खत फार झाल्यास फांद्या लांबच लांब वाढतात, फुलें येत नाहींत, व असा पोसवलेला कोंवळा वाढा पावसाळ्यांत आधीं कुजतो. जुनें शेणखत व मूठभर हाडांचा चुरा मिसळून एकदां छाटणीनंतर व एकदां पावसाळा सरल्यावर द्यावा. झाडास पानें नसतांना व पावसाच्या झडींत खत देऊं नये.

फूल नव्या वाढ्याच्या टोकास येतें; तेव्हां टोकें जितकीं अधिक तितकीं फुलें अधिक. थंडी ओसरल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, फांद्या तिसरा हिस्सा ठेवून छाटाव्या. प्रत्येक कापाखालून दोनतीन फुटवे येतात. पावसाळ्यांत छाटणी करूं नये. उघड्या जखमेंत पाणी शिरून फांदी शेंड्यापासून खालीं कुजत येते.

बियांपासून रोपें :— बियांचें रोप बुंध्यानें उत्तम होतें. फांदी लावूनहि रोप होतें, परंतु त्याचा बुंधा बियांच्या रोपाप्रमाणें सुबक फुगत नाहीं. आपल्याकडे शेंगा आपोआप फार थोड्या धरतात. फुलाच्या नळींत पांचहि केसर एकत्र येऊन सुळका झालेला असतो. पराग त्याच्या आंत दडलेला असतो व त्याच्या बुडाशीं पराग घेणारी जागा असते. म्हणून हातानें परागसेचन करावें लागतें. सकाळच्या वेळीं नळीची एक बाजू ब्लेडनें हलकेच चिरून सुळका उघडा करावा, बारीक कुंचल्याच्या टोकावर पराग घ्यावा, व दुसऱ्या झाडावरील फुलांत दोन केसरांमधील फटींतून बुडाशीं लावावा. एकाच झाडाचा पराग त्याच झाडास बहुधा लागत नाहीं.

सेचन साधल्यास बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग धरते व दोनतीन महिन्यांनीं पिकते. प्रत्येक बीस दोन्ही टोकांस रेशमासारखे केस असतात, आणि शेंग तडकतांच सर्व बीं वाऱ्यावर उडून जातें. म्हणून शेंगेचा रंग बदलूं लागतांच तिच्यावर दोऱ्याचे वेढे द्यावे किंवा जाळीची पिशवी बांधावी. बीं ताजेंच पेरावें. जुनें झालें म्हणजे उगवण उतरत जाते. फेब्रुवारी ते एप्रिल हा पेरणीचा काळ उत्तम, कारण ऊब मिळते व पावसापूर्वीं रोपास अवसर सांपडतो. पसरट ताटांत बारीक चाळलेलें मिश्रण भरून बिया आडव्या ठेवाव्या, वर पातळ थर द्यावा व ओल राखावी. चार ते सात दिवसांत कोंब वर येतो. उगवल्यावर ओल कमी करावी, नाहींतर रोपें बुडाशीं कोलमडतात. चारसहा पानें झालीं म्हणजे एकेक रोप वेगळें लावावें. चांगल्या निगेनें साधारण वर्ष-दीड वर्षांत पहिलें फूल दिसतें.

कलमें :— बियांच्या रोपास आईचेंच फूल येईल असा भरंवसा नाहीं. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचीं जीं मोलाचीं फुलें थायलंड व तैवान येथील बागाइतदारांनीं तयार केलीं, तीं तशींच हवीं असल्यास कलमच केलें पाहिजे. खुंट म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीचें निरोगी बी-रोप घ्यावें व तेवढ्याच जाडीची दोनतीन इंचांची काडी निवडावी. काडीचीं पानें कापून टाकावींत. खुंटाचा शेंडा कापून मध्यें पाचरीची खांच करावी, काडीचें टोक पाचरीसारखें तासून तींत बसवावें, व निदान एका बाजूची साल सालीस तंतोतंत लागेल असें पाहून प्लास्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधावें. वर लहानशी पिशवी घालून झाड सावलींत ठेवावें. दोनतीन आठवड्यांत डोळे हलूं लागतात, तेव्हां पिशवी काढावी. कलमें फेब्रुवारी ते मे या कोरड्या उबेंत करावींत. पावसाळ्यांत केलेलीं बहुतेक कुजतात. खुंटावरून येणारे फुटवे वेळोवेळीं खुडून टाकावे, नाहींतर खुंट जोर करून कलम मारतो.

बाजारांत 'निळ्या फुलाचें अडेनियम' म्हणून चित्रें दाखवून बीं विकणारे लोक आढळतात. निळें अडेनियम अस्तित्वांत नाहीं, हें आमच्या वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. तसेंच दुहेरी फुलाचें म्हणून जें बीं मिळतें त्यांतून एकेरी फुलेंहि भरपूर निघतात. अशा रोपांस फूल येईपर्यंत त्यांची जात सांगून विक्री करूं नये.

किडी :— पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत व कधीं मुळांवरहि बसतो. थोडा असल्यास स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पुसावा, अधिक असल्यास निंबोळीच्या तेलाची साबणाच्या पाण्यांत फवारणी करावी, ती मात्र सायंकाळीं. उन्हाळ्यांत पानें धुरकट, ठिपकेदार होऊन गळूं लागलीं तर उलट बाजूस तांबडे कोळी पाहावे. पाण्याच्या फवाऱ्यानें पानें धुतल्यास ते आटोक्यांत येतात. कण्हेरीवर येणारी मोठी हिरवी अळी, जिच्या मानेजवळ निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात, ती या झाडावरहि येते व एका रात्रींत फांदी ओकी करते. ती हातानें वेंचून काढणें हाच सोपा उपाय.

विषारीपणा :— कण्हेर खाल्ल्यानें जनावर दगावतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको. अडेनियमच्या चिकांतहि हृदयावर परिणाम करणारें तशाच जातीचें विष आहे. आफ्रिकेंतील शिकारी लोक हा रस आटवून बाणांस लावीत असत. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा शेळ्या चरतात तेथें टाकूं नयेत, खड्ड्यांत पुराव्या. कलमें करतांना हातमोजे घालावे, काम झाल्यावर हात धुवावे, डोळ्यांस हात लावूं नये. लहान मुलें पानफूल तोंडांत घालतील अशा जागीं कुंडी ठेवूं नये. मुलानें किंवा जनावरानें हें खाल्ल्याचा संशय जरी आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां लागलींच डॉक्टरकडे नेलें पाहिजे.

विक्रीसाठीं लागवड करणारांस सूचना :— कमी पाण्याच्या गांवीं जोडधंदा म्हणून हीं रोपें करावींत काय, हा प्रश्न साहजिक आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. निम्मी जागा वाटांस व कामास सोडली तर उरलेल्या जागेंत फूट फूट अंतरावर ५०० च्या वर कुंड्या मावतात. कडक उन्हाळ्यांत प्रत्येकीस अर्धा लिटर पाणी धरलें तरी रोजचें २५० लिटर, म्हणजे सव्वा पिंप, पाणी लागतें. विहीर उन्हाळ्यांत आटत असली तरी इतकें पाणी पुष्कळांस साधण्यासारखें आहे. बिया, माती, मजुरी यांचाहि खर्च फार नाहीं.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू आधीं पाहावी. आज पेरलेल्या बियाचें फुललेलें कलम विक्रीस तयार होण्यास दीड ते दोन वर्षें लागतात, आणि तेवढ्या अवधींत एक, बहुधा दोन पावसाळे ओलांडावे लागतात. पहिल्याच पावसाळ्यांत अर्धीं रोपें कुजलीं तर नफा तेथेंच संपला. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्यानें आडोशाची सोय केली नाहीं त्यानें बियांवर पैसा घालूं नये. प्रथम शंभरएक रोपांपुरतें छप्पर करावें, त्यांवर एक पावसाळा काढून पाहावा, कलमाचा हात बसवावा. शंभरांपैकीं किती जगलीं हें मोजून मगच पुढील वर्षीं वाढ करावी. उसनवार काढून एकदम मोठी लागवड करणें या पिकांत शहाणपणाचें नाहीं. कारण हें पीक पोटाचें नसून हौसेचें आहे, व हौसेचा बाजार ओसरण्यास वेळ लागत नाहीं.

दुसरी सूचना गिऱ्हाइकाविषयीं आहे. चैत्रांत नेलेलें झाड श्रावणांत कुजलें तर तें गिऱ्हाईक परत येत नाहीं, आणि चार शेजाऱ्यांसहि परावृत्त करतें. म्हणून प्रत्येक कुंडीबरोबर एक चिठ्ठी द्यावी आणि तींत एवढें लिहावें: कुंडी उन्हांत ठेवा; खालीं बशी ठेवूं नका; माती वाळल्याशिवाय पाणी घालूं नका; पानें गळलीं तर पाणी वाढवूं नका, कमी करा; मृगापूर्वीं आडोशास न्या; मुलांस व जनावरांस तोंड लावूं देऊं नका. या सहा ओळी पाळल्या गेल्या तर झाड जगेल, पुढल्या चैत्रांत फुलेल, आणि विकणाराचें नांव राहील.